उंबरठ्यावर लिहिला जाणारा आकडा

मूल रडत होतं आणि त्याचे गुडघे काही केल्या सरळ राहत नव्हते. अंगणवाडीच्या फरशीवर लांबी मोजायची लाकडी फळी मांडली होती आणि तिच्यावर दीड वर्षाचा मुलगा आडवा. एका मुलीने त्याचं डोकं वरच्या टोकाला टेकवून दोन्ही हातांनी धरलं होतं. दुसरीने एका हाताने गुडघे दाबले आणि दुसऱ्या हाताने सरकती पट्टी तळपायांपर्यंत आणली. पट्टी लागली न लागली तोच त्याने पाय झाडले.

"सत्त्याहत्तर पॉइंट पाच," ती म्हणाली.

प्रशिक्षक बाई मागेच उभ्या होत्या. "दिसलं की वाटलं?"

ती जरा थांबली. "वाटलं, मॅडम."

"मग परत घे. आणि आईला जवळ बसू दे, त्याला तिचा चेहरा दिसला पाहिजे."

त्या दिवशी दहा मुलं मोजायची होती, प्रत्येकाला दोनदा. पहिल्या खेपेचा कागद काढून घेतात, म्हणजे दुसऱ्यांदा मोजताना मागचं माप डोळ्यांसमोर राहत नाही. मग दोन्ही मापं एकमेकांशी आणि प्रशिक्षकाच्या मापाशी ताडून पाहतात. त्यातून प्रत्येकीचा हात किती बसला आहे ते कळतं. कुपोषणाच्या मोठ्या सर्वेक्षणांआधी असा सराव घेतातच. कुणाच्या कागदावर शेवटचा अंक सारखा शून्य किंवा पाच यायला लागला, की प्रशिक्षक सावध होतात, कारण पट्टी नीट वाचली तर शून्यापासून नवापर्यंतचे सगळे अंक साधारण सारखेच यायला हवेत. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं मोजायचं, त्यावरचं उभं. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे पाऊण सेंटीमीटर जास्त भरते, त्यामुळे इथे गफलत झाली की माप चुकलंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. ज्या रेषेखाली मूल खुजं धरतात, तिच्या अल्याडपल्याड पुष्कळ मुलं असतात. गुडघा वाकलेला राहिला तर एका सेंटीमीटरच्या फरकाने मूल रेषेखाली जातं. आहाराच्या योजना, जिल्ह्यांची तुलना, विधानसभेतले प्रश्न, या सगळ्याच्या तळाशी अंगणवाडीच्या फरशीवरचा हा गुडघा असतो.

संपादकांनी या अंकासाठी 'मोजदाद' हा विषय सुचवला, तेव्हा मला हाच तळ पाहायचा होता. टक्केवारी सगळे वाचतात. ती पहिल्यांदा कागदावर उतरवणारी माणसं कोण, त्यांना तयार कोण करतं आणि तयार झाल्यावर त्यांना सांभाळतं कोण, हे जाऊन पाहायचं होतं. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीजवळ, कांदा आणि उसाच्या पट्ट्यात, एक आरोग्य संशोधन प्रकल्प चालू आहे. सहभागी कुटुंबांची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचं आणि गावांचं नाव द्यायचं नाही, ही त्यांची अट मला पटली.

लेकरं किती?

या प्रकल्पात घरोघर जाणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत. कुणी बारावी झालेली, कुणी डी.एड. करून नोकरीची वाट पाहणारी, दोघी समाजकार्य शिकलेल्या, एक एएनएमचा कोर्स केलेली. कागदोपत्री त्या संशोधन सहायक. गावात मात्र त्यांना 'सर्व्हेवाल्या ताई' म्हणतात.

दुपारच्या सत्रात प्रशिक्षक बाई खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पन्नाशीची शेतकरी बाई झाल्या. समोर एक नवी मुलगी टॅब घेऊन.

"मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

मुलीने दोन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. बाईंनी पदर खाली घेतला. "माझ्या तीन लेकी सासरी आहेत, त्या कुठे गेल्या? एक पोरगा सुरतेला कामाला आहे, तो? आणि एक बारशाच्या आधीच गेलं, त्याचं तर तू विचारलंच नाहीस."

म्हणून हा प्रश्न फोडून विचारायचा असतो. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती? दुसरीकडे राहणारे मुलगे किती, मुली किती? जिवंत जन्मून नंतर गेलेले किती? एवढं झाल्यावरही एकदा विचारायचं: असं एखादं बाळ होतं का, जे रडलं किंवा हललं, पण राहिलं नाही? लोकसंख्या आणि आरोग्याच्या सर्वेक्षणांत जगभर जन्मांचा इतिहास याच क्रमाने विचारतात. वर्गात हा प्रश्न फार वेळ घोटला गेला. 'रडलं का' याला 'नाही' आलं तर श्वास घेतला का, हातपाय हलवले का, हे विचारायचं. त्या एका उत्तरावर ते बाळ मृत जन्मलं की जन्मून गेलं हे ठरतं, आणि अर्भकमृत्यूंत धरायचं की नाही तेही.

हे महाराष्ट्राला नवं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने १९८० च्या दशकात काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. जन्म घरात, मरण घरात, आणि सरकारी दप्तरात दोन्ही नाहीत. पुढे राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि सरकारी नोंदीत न आलेल्या मृत्यूंवर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. त्यामागे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी घराघरांत जाऊन केलेल्या नोंदी होत्या.

'सर्च'च्या नवजात बालसेवेच्या प्रयोगात ३९ गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं होतं. शाळा पाचवी ते दहावीपर्यंतची. त्या बाळाचं वजन करत, तापमान घेत, श्वास मोजत आणि सगळं लिहून ठेवत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरला होता, तुलनेच्या गावांत मात्र तो जवळपास होता तिथेच होता. २०११ पासून आशांच्या घरभेटींतून ही पद्धत देशभर गेली. आपण या प्रयोगाची आठवण उपचारांसाठी काढतो, ते योग्यच आहे. मला मात्र तिथल्या वह्यांचंही तेवढंच मोल वाटतं. कमी शिकलेल्या बाईच्या हातची नोंद जगातल्या सर्वांत कडक परीक्षकांसमोर टिकली, कारण ती लिहायला तिला मन लावून शिकवलं होतं आणि तिच्या लिहिण्याची पडताळणी करणारी माणसं पाठीशी होती.

सही कशाला पायजे?

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या ताईंबरोबर वस्तीवर गेले. घराबाहेर ओट्यावर म्हातारी लसूण सोलत होती. ताईंनी चप्पल काढली, बसल्या, आधी पावसापाण्याचं बोलल्या. मग माहितीपत्रक काढून वाचू लागल्या. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. रक्ताचा एक थेंब बोटातून घेणार याला तिची हरकत नव्हती. कागदावर अंगठा द्यायला होती.

"सही कशाला पायजे? आमच्या थोरल्या दिराने अशीच सही केली व्हती. सातबारा गेला."

ताई कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "आजी, नको तर नको. तुम्ही नाही म्हणालात तरी दवाखान्यात काही कमी होणार नाही, रेशनला काही होणार नाही. सूनबाई वाचतील, मग तुम्ही ठरवा." सून आली, तिने मोठ्याने वाचलं, शेजारच्या शिक्षकांना बोलावलं. ते सगळं होईपर्यंत बसले आणि साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. यात अर्धा तास गेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिमार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी त्रयस्थ साक्षीदार हवा, तो पूर्ण वेळ हजर हवा. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःचीही. पुस्तकात हे वाचायला सोपं आहे. उसाची तोड चालू असताना वस्तीवर वाचता येणारा, वेळ असणारा आणि त्या घराशी हितसंबंध नसलेला माणूस शोधणं हे काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. ज्या प्रकल्पाने दिवसाची घरं ठरवताना हा अर्धा तास धरला नाही, त्याने कागदावरच्या संमतीला आपल्या हाताने पोकळ केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्ताचा थेंब घेतानाही घाई चालत नाही. बोट गरम असावं, स्पिरिट पूर्ण वाळलेलं असावं, पहिले दोन थेंब पुसून तिसरा घ्यायचा, बोट पिळायचं नाही. पिळलं की थेंबात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटंच कमी दिसतं. ताईंनी म्हातारीचा हात आपल्या तळहातांत धरून ऊब दिली. नंतर मशीनवरचा आकडा सुनेला दाखवला, रक्त कमी आहे हे नीट सांगितलं आणि उपकेंद्रात कोणत्या दिवशी सिस्टर असतात तेही.

एक गोष्ट मला बारकाईने पाहिल्यावर दिसली. काही घरांत या ताईंना आत बोलावून चहा दिला जातो. त्यांच्याबरोबरच्या एका मुलीला, ती शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातली आहे हे माहीत असलेल्या घरांत, ओट्यावरच थांबवतात. ती काही बोलत नाही. समन्वयकांनी त्यावर शोधलेला मार्ग असा, की ती घरं दुसरीला द्यायची नाहीत. तिला जोडीने पाठवायचं, जोडीदारणीने एकटीने आत जायचं नाही, दोघींनी ओट्यावरच बसून मुलाखत घ्यायची. मला हा निर्णय योग्य वाटला. घरं बदलून दिली असती तर काम सोपं झालं असतं आणि अपमानाला प्रकल्पाची मान्यता मिळाली असती.

मरणाची चौकशी

सगळ्यांत अवघड फॉर्म मृत्यूच्या कारणांचा. आपल्याकडे खेड्यात बहुतेक मृत्यू घरीच होतात आणि कारण लिहिणारा डॉक्टर जवळ नसतो. म्हणून घरच्यांना विचारून लक्षणांवरून कारण ठरवायची पद्धत आहे. ताप किती दिवस, धाप होती का, छातीत दुखलं का, अंग पिवळं पडलं होतं का. शेवटी कोऱ्या जागेत घरच्यांच्या शब्दांत, मराठीत, घडलं तसं लिहायचं. मग दोन डॉक्टर एकमेकांशी न बोलता तो कागद वाचून कारण ठरवतात.

भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणीवर उभा राहिलेला दहा लाख मृत्यूंचा अभ्यास याच रीतीने झाला. घरी जाऊन विचारणारे लोक डॉक्टर नव्हते. त्या कागदांतून २००५ सालात देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं गेली असा अंदाज निघाला, अधिकृत आकड्यांच्या कितीतरी पट. बहुसंख्य माणसं रुग्णालयात न पोचताच गेली होती, म्हणून ती आधी मोजलीच गेली नव्हती. तिथे कुणीतरी ओसरीवर बसून "पायाला काही चावलं होतं का?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं, म्हणून ती मोजली गेली.

या फॉर्मसाठी तारीख लागते. तारीख कुणालाच आठवत नाही. मग पोळ्याच्या आधी की नंतर, गावची जत्रा झाली होती का, कांदे निघाले होते का, असं विचारत महिन्यापर्यंत यायचं. प्रत्येकीच्या पिशवीत गावागावाच्या घटनांचं हाताने केलेलं कॅलेंडर असतं: कोणत्या महिन्यात सरपंचाची निवडणूक, कधी गारपीट, कुठल्या आठवड्यात पुलावरून पाणी. दहावं-तेरावं होईपर्यंत त्या घरात जायचंच नाही, हा नियम. त्यानंतरही किती थांबायचं ते गावच्या आशाताईंना विचारून ठरवतात.

तिथल्या एका अनुभवी ताईंनी मला सांगितलं, की सुरुवातीला त्यांना वाटायचं, रडणाऱ्या आईसमोर आपण रडलो तर काम बिघडेल. त्यांचं स्वतःचंही एक बाळ सहाव्या दिवशी गेलं होतं. प्रशिक्षणात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. लागोपाठ तीन घरांत बालमृत्यूचे फॉर्म भरल्यावर त्या दोन दिवस कामावर आल्या नाहीत. त्यानंतर इथे रीत बदलली. बाळाच्या मृत्यूचा फॉर्म भरला की त्या दिवशी दुसरी मुलाखत नाही. शनिवारच्या बैठकीत पहिला तास टॅब बंद असतात. कुणाला जे सांगायचं ते सांगायचं, कुणीही ते लिहून घेत नाही. महिन्यातून एकदा तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशक येऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी सूचना काढल्या. मुलाखत घेणाऱ्यांना विशेष प्रशिक्षण आणि सतत आधार द्यावा, असं त्यांत नीतीचा भाग म्हणूनच म्हटलं आहे. इतर विषयांच्या संशोधनात ही गोष्ट अजून प्रमुखाच्या चांगुलपणावर सोडलेली असते.

सातच्या पुढची घरं

दिवसा वस्तीवर माणूस भेटत नाही. बायका सकाळी शेतात जातात त्या दिवेलागणीला येतात. म्हणून भेटी सात-साडेसातच्या पुढे. शेवटची एसटी तोवर गेलेली असते. रस्त्याला दिवे नाहीत, कुत्री अंगावर येतात, दिवसभर कुठे शौचालय मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून या मुली पाणी कमी पितात. उन्हाळ्यात पाणी न पिता फिरणारी बाई दुसऱ्या बाईला मूत्रमार्गाच्या त्रासाबद्दल विचारते, हे मी पाहिलं आणि मला राग आला. इथे आता संध्याकाळी जोडीने जायचं, परतीला संस्थेची गाडी, आणि प्रत्येक गावात शाळा किंवा उपकेंद्राचं शौचालय वापरायची लेखी परवानगी, एवढं झालं आहे. परवानगीचं पत्र मिळवायला समन्वयकांना दोन महिने लागले.

याचा आकड्यांशी संबंध काय, ते मला पूर्वी दुसऱ्या एका संस्थेच्या मोठ्या सर्वेक्षणात काम केलेल्या ताईंनी सांगितलं. तिथे पैसे फॉर्मवर मिळायचे. बंद घरं आणि नकार जास्त दिसले की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलायचा. बायकांचा लांबलचक फॉर्म १५ ते ४९ वयाच्या बायकांसाठी होता. "एक बाई अठ्ठेचाळीसची होती, ताई. रात्र झाली होती. मी पन्नास लिहिलं."

त्या एकट्या नाहीत. पन्नास वर्षांच्या किंचित पुढे ढकललेल्या बायका, पाच वर्षांच्या मर्यादेपलीकडे सरकवलेली मुलं, कारण मर्यादेच्या आत आलं की त्या मुलाचे लसीकरण, आहार, आजारपण असे पानभर प्रश्न वाढतात: अशा सर्वेक्षणांच्या आकड्यांत ही खूण अनेक देशांत सापडली आहे. वयांचा आलेख काढला की मर्यादेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा दिसतो. टॅब आल्यावर विसंगत उत्तरं तिथल्या तिथे पकडली जातात, भेटीची वेळ आणि ठिकाणही नोंदलं जातं. पण अठ्ठेचाळीसच्या जागी पन्नास लिहिलं, तर त्यात टॅबला विसंगत काहीच दिसत नाही.

त्यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी पाळत वाढवतात. पुन्हा तपासणी हवीच. इथेही ठरावीक घरांत सुपरवायझर न सांगता जाऊन थोडे प्रश्न परत विचारतात. फरक पुढे आहे. उत्तरांत तफावत सापडली तर आधी त्या दिवशीचं वेळापत्रक पाहतात: किती घरं, किती चालणं, किती वाजले. पगार महिन्याचा आहे, फॉर्मवर नाही. 'नकार', 'घर बंद' आणि 'माहीत नाही' या उत्तरांबद्दल कुणालाही जाब विचारत नाहीत. 'माहीत नाही' लिहायला बाईला भीती वाटत असेल, तर तिच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा, असं समन्वयक म्हणाल्या, आणि मी जे जे पाहिलं ते याच एका गोष्टीशी येऊन जुळत होतं. मोजायचं कसं हे काही आठवड्यांत शिकवता येतं. खरं लिहिल्याचा भुर्दंड तिला पडणार नाही ही व्यवस्था मात्र रोज राखावी लागते, त्याला पैसे लागतात, आणि संशोधनाच्या अंदाजपत्रकात नेमकी तीच ओळ सर्वांत आधी कापली जाते.

अकरा महिन्यांची माणसं

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याच्या आधीपासून बायकांची नोंद हवी होती, म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत. त्या नोंदींतूनच पुढे कळलं, की सरासरी २.७ किलोच्या आसपास जन्मणारी आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. आपल्याकडच्या मधुमेहाचा विचार त्याने बदलला. ती बाळं मोठी होऊन पंचविशीकडे आली तरी अभ्यास त्यांना भेटत राहिला. घर बदललं, लग्न झालं, कामासाठी चाकणला गेला, तरी माणूस सापडतो, कारण त्याच्या आईला ओळखणारं कुणीतरी संस्थेत असतं. केईएमच्याच संशोधन केंद्राच्या वढू इथल्या कार्यक्रमात २००२ पासून २२ गावांतले जन्म, मृत्यू, येणारे-जाणारे यांची ठरावीक फेऱ्यांनी नोंद होते. अशा कामाला टिकून राहणारी माणसं लागतात.

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र अकरा महिन्यांचा करार, पैसा संपला की घरी. नव्या प्रकल्पाला नव्या मुली आणि पुन्हा पहिल्यापासून गुडघा सरळ करायला शिकवणं. शोधनिबंधात त्यांच्यासाठी शेवटी आभाराची एक ओळ असते, बऱ्याचदा नावांशिवाय. निबंध इंग्रजीत असतो, म्हणून तीही त्यांच्या वाचनात येत नाही. या प्रकल्पात गेल्या वर्षीपासून निष्कर्ष आधी मराठीत लिहून ताईंसमोर वाचतात. पहिल्याच वाचनात त्यांनी एक चूक काढली. एका गावात बाळंतपणं दवाखान्यात कमी होतात, असं निष्कर्षात होतं. ताई म्हणाल्या, तिथल्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, तुम्ही सासरच्या यादीत त्यांना शोधताय. यादी तपासली, आणि ते कोष्टक बदललं.

प्रकल्प येत्या मार्चमध्ये संपतो. पुढच्या निधीचा प्रस्ताव गेला आहे, उत्तर यायचं आहे. मी निघायच्या दिवशी ऑफिसात अनुभव प्रमाणपत्राचा मसुदा चालला होता. समन्वयकांनी 'सर्वेक्षणाचे काम समाधानकारक केले' असं लिहिलं होतं. जुन्या ताईंना ते मान्य नव्हतं. "मॅडम, याने कुठे काम मिळत नाही. काय येतं ते लिहा." आणि त्या एकेक सांगू लागल्या: लांबी-उंची-वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, जन्मांचा इतिहास, मृत्यूची मुलाखत, संमती घेणे, नव्या मुलींना शिकवणे. समन्वयकांनी पहिला मसुदा पुसून तसंच टाइप केलं, आणि शिकवलेल्या मुलींची संख्याही लिहायची का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "लिहा, आणि त्यातल्या किती अजून कामावर आहेत तेपण लिहा."